लेकीच्या कानापाशी

महालक्ष्म्यांच्या जेवणाला आम्ही सगळे वडनेरला, माझ्या सासरी जमलो होतो. पान वाढल्यावर माझ्या तेरा वर्षांच्या लेकीनं तोंडातल्या प्लेटा काढून रुमालात ठेवल्या. डॉक्टरांनी जेवतानाही काढायच्या नाहीत असं बजावलं होतं, पण सणाचा दिवस म्हणून मी काही बोलले नाही.

तिचा खालचा जबडा लहानपणापासून मागं. वरचे दात पुढं यायचे, ओठ मिटायचे नाहीत. वर्ध्याच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी वर एक आणि खाली एक अशा प्लास्टिकच्या प्लेटा करून दिल्या. तोंड मिटलं की त्या एकमेकींना अशा अडतात की जबडा पुढंच राहतो. वाढीचं वय आहे, जे व्हायचं ते आत्ताच होईल, असं बाई म्हणाल्या होत्या.

त्या दिवशी लेकीला डाळीचा वडा चावेना. पुढचे दात जुळत होते, पण दाढा एकमेकींना टेकतच नव्हत्या. सासूबाईंनी हनुवटी धरून तोंड उघडायला लावलं, तर उजव्या कानापाशी कट् असं वाजलं. शेजारच्या पानावरही ऐकू गेलं.

"जबडा सरकला पोरीचा," सासूबाई म्हणाल्या.

पंगतीत माझे चुलत सासरे होते. आसपासच्या गावांतले मुरगळलेले पाय, निखळलेले खांदे तेच बसवतात. जांभई देताना उघडंच राहिलेलं एकाचं तोंडही त्यांनी मिटवलं होतं. माणूस चांगला, हात हलका, आणि म्हणूनच पंचाईत, कारण त्यांना नाही म्हणायची घरात रीत नाही. त्यांनी हात धुतले, अंगठ्यांना फडकं गुंडाळलं. दाढा जुळत नाहीत म्हणजे जबडा जागेवर नाही, तो मागं दाबायचा, एवढं साधं त्यांचं म्हणणं. आम्ही जो इतके महिने पुढं आणत होतो, तोच.

नवरा खाली मान घालून वरणभात कालवत बसला होता. शेताच्या धुऱ्याबांधाच्या भांडणात या माणसाचा आवाज अख्ख्या गावाला ऐकू जातो!

काकाजी, थांबा, दाढांत फट पडते आणि नंतर भरते, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलंय, असं मी म्हणाले. ते खरंही होतं. पण त्या आवाजाचं मला कुणी काही सांगितलं नव्हतं, आणि माझंच मन डळमळत होतं. सासूबाईंना ते बरोबर कळलं. दुकानातल्या प्लास्टिकपेक्षा घरचा हात बरा, असं त्यांनी सगळ्यांना ऐकवलं.

मी लेकीला जवळ ओढलं आणि डॉक्टरीणबाईंना फोन लावला. कुणालाही जबडा दाबू देऊ नका, एवढं मला सांगून बाईंनी फोन मुलीकडं द्यायला लावला. लेक उत्तरं देत गेली. दुखत नाई. अडकत नाई. बाईंनी सांगितल्यावर तीन बोटं उभी दातांमध्ये घालून पाहिली, तोंड पूर्ण उघडत होतं. मग माझ्याकडं पाठ करून ती हळूच म्हणाली, "राखीच्या आधीपासून वाजून राह्यलं, मॅडम."

काकाजींनी ते ऐकलं आणि फडकं सोडलं. इतक्या दिवसांचं आहे, मंग मी हात नाई लावत, म्हणाले आणि परत पानावर बसले. लेकीला आतल्या खोलीत नेऊन मी विचारलं, "काऊन नाई सांगतलं मले?"

"सांगतलं असतं तर तू प्लेटा काढायले लावल्या असत्या," ती म्हणाली. "मले नाई काढायच्या. आता शाळेत कोणी माही नक्कल नाई करत."

सोमवारी बाईंनी तिच्या कानांपुढं बोटं ठेवून तोंडाची उघडझाप करायला लावली. या वयात सांधा नव्या जागेशी बहुतेक जुळवून घेतो, म्हणाल्या. आवाज कुणाचा जातो, कुणाचा राहतो. दुखलं किंवा अडकलं तर मात्र प्लेटा लगेच थांबवायच्या. आणि दुखणं कुठल्या एक्स-रे फोटोत दिसत नाही, ते तिनंच सांगायचं.

तेव्हापासून आमच्या वर्ध्याजवळच्या सिंदी मेघेच्या घरी रोज सकाळी मी विचारते, दुखतं का. ती आरशापुढं प्लेटा बसवते. हनुवटी पुढं येते, ओठ मिटतात, पोर देखणी दिसते. "नाई," ती म्हणते, आरशातून नजर न काढता. माझीच लेक आहे ती. दुखलं तरी नाईच म्हणेल.