पाठीवरचा हात

आधीच सांगते, मी असल्या गोष्टी मानणारी बाई नाही. इंदिरानगरला माझं मेडिकलचं दुकान आहे, अठरा वर्षं झाली. 'पोराला बाहेरचं काहीतरी लागलंय' असं कुणी म्हणालं की मी आधी थर्मामीटर काढून हातात देते. या सदरातले अनुभव मी वाचायचे ते रात्रीच्या जेवणानंतर, नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवत, दोघं मिळून हसायला. खोटं कशाला बोलू... तर आता हसायची पाळी तुमची.

गोष्ट दोन वर्षांपूर्वीची, फेब्रुवारीतल्या एका रविवारची. अंधार, ओसाड रस्ता, झाड वगैरे काही नाही. जे झालं ते भर दुपारी, द्वारका चौकात, शेकडो लोकांसमोर झालं.

मनीषा आमच्याच बिल्डिंगमधली, तिसऱ्या मजल्यावरची. शाळेत गणित शिकवते. लॉकडाऊननंतर वजन उतरवायचं म्हणून आम्ही दोघींनी एकत्रच सायकली घेतल्या आणि त्यातच रमलो. पण आमची मैत्री सायकलीच्या कितीतरी आधीची. माझी आई आयसीयूत होती तेव्हा माझी मुलगी अकरा दिवस मनीषाकडे राहिली होती. तिची वेणी, डबा, अभ्यास... मला एकदाही फोन करून काही विचारायला लागलं नाही. अशी मैत्रीण. हे सांगितल्याशिवाय पुढचं तुम्हाला कळणार नाही.

त्या रविवारी दीडशे किलोमीटरच्या आसपासची ग्रुप राइड होती. पहाटे गोल्फ क्लब मैदानावरून निघायचं, दिंडोरीवरून वणी, तिथून पिंपळगाव, मग हायवेने ओझर, आडगाव करत शहरात शिरायचं. शहरातून द्वारका, नाशिकरोड, देवळाली कॅम्प आणि पाथर्डी फाट्याने परत. आमच्या गटात अकरा जण होते. लीडर खैरनार सर—तोफखान्यातून निवृत्त झालेले, साठी उलटलेली, तरी आमच्यापैकी कुणाला ऐकायचे नाहीत. गटाच्या मागे एक पिकअप गाडी, पंक्चर काढायला आणि दमलेल्याला उचलायला.

वणीच्या अलीकडे एक चढ आहे. दिसायला फार नाही, पण चाळीस किलोमीटर मारून आल्यावर पाय बोलायला लागतात. मी सगळ्यांच्या मागे पडले होते. मान खाली, दात आवळलेले. तेवढ्यात पाठीवर हात आला. कमरेच्या वर, जर्सीचे मागचे खिसे असतात त्याच्या जरा वर. मोठा, उबदार तळवा. आमच्यात हे नेहमीचं आहे—चढावर कुणी दमलं की तगडा रायडर बाजूला येतो आणि एका हाताने ढकलतो. खैरनार सर तर कायम करतात. सायकल एकदम हलकी झाली. मी मान वर न करताच म्हणाले, "थँक्यू सर."

चढ संपला, हात सुटला, मी वळून बघितलं. मागे कुणी नाही. बरंच खाली ती पिकअप तेवढी.

वणीत चहाला थांबलो. मी सरांना म्हटलं, "सर, चढावर बरं झालं तुम्ही ढकललंत."

"मी?" ते हसले. "अहो मॅडम, मी तर सगळ्यात पुढं होतो. अर्धा कप संपला माझा तुम्ही येईपर्यंत."

मनीषा म्हणाली, "सप्तशृंगीनेच ढकललं असेल गं तुला. तेवढं वजन दुसऱ्या कुणाला झेपणार?" सगळे हसले, मीही हसले. दम लागला की माणसाला काहीबाही भास होतात, एवढंच मी धरून चालले.

पिंपळगावपर्यंत काही नाही. दोन्ही बाजूंना द्राक्षबागा, ऊन चढत चाललेलं. ओझरच्या अलीकडे सर्व्हिस रोडला लागलो आणि हात परत आला.

या वेळी मी दमलेली नव्हते. रस्ता सपाट होता, मला मदत नकोच होती. आणि तो तळवाही तसा नव्हता. बोटं आवळलेली होती... गर्दीत एखाद्याला आपण 'चल हो पुढे' म्हणून मुठीने रेटतो, तसं. मी ब्रेक दाबला तर रेटा वाढला. पाय थांबवले तरी सायकल पळतच राहिली. मी डावा हात मागे नेऊन झटकला. बोटांना माझीच घामेजलेली जर्सी लागली. तिथे दुसरं काही नव्हतं, आणि तरी पाठीवर ते होतं.

मी एकेकाला मागे टाकत चालले. मनीषाच्या शेजारून गेले तेव्हा ती चिडूनच ओरडली, "अगं एवढी काय मस्ती आलीये? लाइन सोडू नकोस!"

मला ओरडून सांगायचं होतं. पण सांगणार काय? दहा शहाण्यासुरत्या माणसांसमोर, सकाळी साडेअकराला?

सरांच्या मागच्या चाकाशी पोचले तेव्हा ते सुटलं. सर म्हणाले, "शिस्तीत चला मॅडम. शहर येतंय." मी मुकाट्याने मागे राहिले आणि मनीषाच्या पाठोपाठ लाइनीत शिरले. तिने वळून एकदा बघितलं. नजर काही चांगली नव्हती. ती आधीच मेटाकुटीला आली होती आणि मी तिला मिरवून दाखवतेय असं तिला वाटलं असणार.

आडगाव नाक्यापासून पुढे नाशिकने आमचं जे स्वागत केलं ते विसरणार नाही. कानाशी हॉर्न, अंगावर येणाऱ्या रिक्षा. एका गाडीची काच खाली झाली—"रविवारी घरात बसवत नाही का रे यांना?" दुसऱ्याने मुद्दाम गाडी इतकी जवळून घातली की मनीषाच्या कोपराला त्याचा आरसा चाटून गेला. ऊन टाळूत उतरलेलं. आणि या सगळ्यात माझं लक्ष फक्त माझ्या पाठीकडे. कपाळावर माशी बसणार आहे हे आधीच कळावं तशी पाठीची ती जागा शिरशिरत होती.

द्वारकाला सिग्नल लाल झाला.

आम्ही उड्डाणपुलाखाली थांबलो. अगदी पुढे, डाव्या हाताला खैरनार सर. त्यांच्या उजवीकडे मनीषा. तिच्यामागे मी. अंतर सांगते, कारण पुढे यावरूनच सगळं झालं—मी हात पूर्ण लांब केला असता तरी तिच्या मागच्या चाकाला जेमतेम लागला असता. पाठीपर्यंत पोचलाच नसता. समोरून आडवी ट्रॅफिक सुटली होती. ट्रक, कंटेनर, सिटी बस.

आणि पाठीवर तो आला. या वेळी दोन हात.

मी दोन्ही पाय जमिनीवर रोवले. दोन्ही ब्रेक इतके आवळले की नखं तळव्यात रुतली. तरी सायकल सरकायला लागली. मागचं चाक फिरत नव्हतं, डांबरावर घासत चाललं होतं. माझे बूट घासत होते. बोटभर... वीतभर... समोरून कंटेनर येताना दिसत होता. मला सोळा वर्षांची मुलगी आहे, तिचा चेहरा डोळ्यांपुढे आला. आणि मी मनात म्हणाले—हे मी आजवर फक्त एका माणसाला सांगितलंय—मी म्हणाले, 'मला सोड. हवं तर दुसऱ्या कुणाला धर.'

ते सुटलं. त्याच क्षणी. पाठ अशी मोकळी झाली की मी मागेच पडणार होते.

आणि माझ्या डोळ्यांदेखत मनीषाची सायकल पुढे फेकली गेली.

ती निघाली नाही हो, फेकली गेली. तिचा एक पाय जमिनीवर होता, तो तसाच फरफटला. कंटेनरवाल्याने ब्रेक मारले, टायरांचा तो आवाज अजून कानात आहे. मनीषा डावीकडे पडली, सायकल चाकाखाली गेली. ती पांढरी फ्रेम कागदासारखी चुरगळली. मनीषा वाचली ती हातभर अंतराने.

मी धावले. ती खांदा धरून रस्त्यावर बसली होती, ओठ पांढरे पडलेले. माझा हात तिने झटकला.

"का ढकललंस मला?"

"मनीषा... मी नाही गं—"

"दोन्ही हात होते पाठीवर. मी वळून बघितलं. तूच होतीस! तुझ्याशिवाय कुणी नव्हतं मागे!"

गर्दी जमली होती. एक रिक्षावाला पुढे आला. "ढकललं ना ओ या मॅडमनी! मी बघितलं." ड्युटीवरचा ट्रॅफिक हवालदार त्याच्यावर खेकसला, "गप ए. यांचे दोन्ही हात हँडलवर होते. मी समोर उभा होतो." दोघांची तिथेच जुंपली. दोघंही शपथेवर सांगत होते. आणि मी, अजून हँडल धरल्यासारख्या वळलेल्या माझ्या बोटांकडे बघत उभी होते, ती उघडतच नव्हती.

मनीषाचं कॉलरबोन दोन ठिकाणी मोडलं होतं. ऑपरेशन झालं, प्लेट घातली. मी संध्याकाळी हॉस्पिटलला गेले तर तिचे मिस्टर, संजयभाऊ, दाराबाहेरच उभे होते. ज्यांच्या घरी माझी मुलगी अकरा दिवस राहिली तेच. आवाज न चढवता म्हणाले, "वहिनी, घरी जा. तिला तुमचं तोंड बघायचं नाहीये. पोलिसात गेलो नाही, एवढं पुष्कळ समजा."

दुसऱ्या दिवशी सायकलच्या ग्रुपवरून मला काढून टाकलं. बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये मी शिरले की शेजारणी 'राहिलं वाटतं काहीतरी' म्हणून बाहेर पडायला लागल्या. माझ्या मुलीला तिच्याच मैत्रिणीने विचारलं, "तुझ्या आईचं डोक्याचं काही आहे का?" नवरा तोंडाने म्हणायचा, माझा तुझ्यावर विश्वास आहे. पण एकदा मी जिना उतरताना त्याच्यामागे होते, तर तो थांबला आणि म्हणाला, "तू पुढे हो."

साधारण तीन आठवड्यांनी खैरनार सर दुकानात आले. गिऱ्हाईक जाईपर्यंत बाकावर बसून राहिले. मग म्हणाले, "मॅडम, तुम्ही ढकललं नाही. मी माणसं मोजायला मागे वळलो होतो, मनीषाची पाठ माझ्या समोर होती."

माझे डोळेच भरून आले. "मग सर, तुम्ही तिला सांगा ना!"

"काय सांगू?" त्यांनी दोन्ही तळवे काउंटरच्या काचेवर दाबले. "तिच्या जर्सीचं कापड आत दाबलं गेलं होतं. दोन जागी. दहा बोटं मोजता येतील इतकं स्पष्ट. आणि तिथे हात नव्हता... कुणाचाच नव्हता. हे मी कुणाला सांगू? तीस वर्षं नोकरी केली, डोंगर उडताना बघितले, डोळ्यांवर कधी शंका घेतली नाही. आता म्हातारपणी लोकांनी वेड्यात काढलेलं मला चालणार नाही."

मी हात जोडले, रडले. ते उठले. "माझं नाव घेऊ नका," एवढंच म्हणाले. सायकल त्यांनीही सोडली असं नंतर कळलं. (हे लिहिण्याआधी मी त्यांना फोन केला. म्हणाले, नाव बदला आणि लिहा. तसं केलंय.)

गेल्या पावसाळ्यात, एका दुपारी, मनीषा दुकानात आली. जवळजवळ दीड वर्षाने. खांदा दुखत होता, दुसरी दुकानं बंद होती म्हणून आली असावी. चिठ्ठी काउंटरवर ठेवली, माझ्याकडे न बघता. मी गोळ्या काढल्या आणि म्हटलं, "मनीषा, पाच मिनिटं दे. फक्त ऐक. मग आयुष्यात बोलू नकोस."

ती उभी राहिली. मी सगळं सांगितलं. वणीचा चढ, ओझरचा सर्व्हिस रोड, घासत गेलेलं चाक. सरांचं नाव घेतलं नाही, शब्द दिला होता. आणि सिग्नलला मनात जे म्हटलं होतं तेही सांगितलं, शब्द न बदलता. ते लपवलं असतं तर बाकीच्याला काही अर्थ नव्हता.

तिचा चेहरा हळूहळू सैल झाला. मला वाटलं, पटलं हिला. देवाशपथ, मला वाटलं ही आता रडेल, काउंटरच्या आत येईल.

तिने गोळ्या पर्समध्ये टाकल्या.

"म्हणजे ढकललंस तूच," ती म्हणाली, आणि गेली.

ते काय होतं, वणीच्या चढावर ते मला का भेटलं, आधी मदत करून नंतर जिवावर का उठलं, आणि माझं ऐकलं तरी का... मी कितीतरी विचार केला, डॉक्टरांना दाखवलं, डोक्याचा एमआरआयसुद्धा करून घेतला. नॉर्मल आला. माझ्याकडे उत्तर नाही.

मनीषाकडे आहे.