माझी इरकल, माझी अक्का

अक्काला काल नेलं, तेव्हा माझी साडी नेसलेली एक बाई माझ्यापेक्षा मोठ्यानं रडत होती.

हो, माझीच साडी. येलहंक्याच्या आमच्या दुकानातून मी निवडून अक्काला पाडव्याला दिलेली. हिरवी इरकल, लाल काठाची.

सरोजअक्का. माझी सख्खी मोठी बहीण.

तुमच्यापैकी बरेच जण तिला चळवळीमुळे ओळखता. लहान शेतकरी, भूमिहीन मजूर यांना एकत्र करून ती त्यांच्या जमिनीसाठी जन्मभर भांडली.

मी तिला सणाला न येणारी बहीण म्हणून ओळखते.

फोन केला की उत्तर ठरलेलं. "जमिनीची मोजणी आहे गं. मी नसले तर साखळी मालकाच्या बाजूनं सरकते."

तिचा नियमच होता. मोजणीच्या साखळीचं एक टोक सर्वेवाल्याकडे, दुसरं गावातल्या भूमिहीन बाईच्या हातात. आणि अक्का त्या बाईला खेटून, दिवसभर उन्हात.

माझ्या लेकीच्या लग्नात मात्र अक्षता टाकल्या आणि पंगतीआधी पसार!

जळायचे मी त्या बायकांवर. अजून जळते.

त्या साडीवालीचं नाव गौरम्मा. शेवटी न राहवून विचारलंच, ही साडी कुठली?

"अक्कानं दिली. जमीन नावावर झाली त्या दिवशी. ठेवणीतली आहे. नम्म अक्का..."

नम्म. कानडीत, आमची.

आज सकाळी ती पुन्हा दारात. सोबत गावच्या चौघी. अक्काची थोडी राख हवी, शेतात घालायला.

माझा तोल गेला. "जिवंतपणी सगळी तुम्हीच नेलीत. आता हेही?"



गौरम्मा म्हणाली, "कसेल त्याची जमीन, असं अक्का सांगायची. आम्ही तिला कसलं नाही, अम्मा. तिनंच आम्हाला कसलं. हक्क तुमचाच. पण स्वल्प द्या."

मी राखेचं मडकं पुढे केलं.

तिनं घेतलं नाही. एक काठ स्वतः धरला, दुसरा माझ्या हातात दिला. म्हणाली, "सरी, ठीक आहे. आता दोघींसमोर होऊ दे."

वाटणी झाली. त्यांची शेताला, माझी नदीला.

मी मूठभर जास्त ठेवून घेतली. गौरम्मानं पाहिलं आणि आपला वाटा पदरात बांधला.

तू असतीस तर परत करायला लावली असतीस, अक्का.

नाही देणार. तेवढी तरी तू माझी.

ये आता, जा म्हणवत नाही. नमस्कार करते.