बिनविरोध नगरसेविका

मिहान प्रकल्पाच्या पलीकडचं आमचं गाव नगरपंचायत झालं आणि निवडणूक लागली, तेव्हा माजी सरपंच आमच्या घरी आले. त्यांना सगळं गाव काकाजी म्हणतं. चहा संपेपर्यंत ते ऊन किती तापतंय याबद्दलच बोलत राहिले. मग म्हणाले, "तुमचा प्रभाग बायांसाठी राखीव झाला. तू उभी राह्य वं."

मी घरी शिवणक्लास चालवत होते. ग्रामसभेत कधी तोंड उघडलं नव्हतं. "काहून मलेच?" मी विचारलं.

"शिकलेली आहेस. शांत आहेस."

त्यातला शांत हा शब्द मला खटकला. ते गेल्यावर नवरा म्हणाला, "त्यांच्या घरी दोन सुना आहेत. त्यायले सोडून तुले काहून? यात काहीतरी आहे." मलाही तसंच वाटत होतं. तरी मी अर्ज भरला, कारण मनातून मला ते हवं होतं.

माझ्याविरुद्ध दोघी होत्या. दोघींनी एकाच दिवशी अर्ज मागे घेतले आणि मी बिनविरोध निवडून आले. गल्लीत गुलाल उडाला, पण मी नळावर गेले की बायका बोलायच्या थांबत. त्यांना वाटे, माझं काकाजींशी काही ठरलंय. मला वाटे, काकाजींनी माझ्याबद्दल काही ठरवलंय.

पहिली सभा जुन्या ग्रामपंचायतीच्या खोलीत झाली. काकाजी आता नगराध्यक्ष होते. कचरा टाकायच्या जागेचा विषय निघाला आणि जागा सांगायच्या आधीच हात वर झाले.

"जागा कोणती?" मी विचारलं.

मुख्याधिकारी माझ्याकडे न पाहता म्हणाले, "नाल्याजवळची."

नाला माझ्याच प्रभागातला. त्याच्या काठच्या विहिरीवर अर्धी वस्ती उन्हाळा काढते. "आधी जागा पाहू," मी म्हणाले.

काकाजी हसले. "तू घाबरून काहून राहिली? पाहू नं नंतर. आधी हात वर कर."

मी हात मांडीवरच ठेवला. ठराव तरीही मंजूर झाला.

मी तिथून सरळ नळावर गेले आणि सगळं सांगितलं. कोणाचा चटकन विश्वास बसेना. अर्ज मागे घेतलेल्यांपैकी एक तिथंच होती. घागर खाली ठेवून ती म्हणाली, "काकाजी मले म्हणे, तू बहुत भांडतेस, अर्ज मागे घे. ती शिवणवाली काही बोलत नाही."

दुसऱ्या दिवशी कचऱ्याचा ट्रॅक्टर आला तेव्हा आम्ही नळावरच्या बायका विहिरीजवळ बसलो होतो, अर्ज मागे घेतलेली ती माझ्या शेजारी. ट्रॅक्टर बराच वेळ उभा राहिला, मग वळला.

पुढच्या सभेत जागा बदलली. कचरा आता गावाबाहेरच्या जुन्या खदानीत जातो. ती खदान कोणाची, हे मी सभेत विचारलं. मुख्याधिकारी पाहून सांगतो म्हणाले, अजून सांगितलेलं नाही. तिकडे कोणाच्या गाड्या जातात ते आम्ही दोघी अधूनमधून जाऊन पाहतो.