तिच्या ओठांवर आलेला शब्द

नाशिक रोडच्या एका महाविद्यालयात आम्ही काही शिक्षक शनिवार-रविवारी वाचन शिकवण्याचा पदव्युत्तर अभ्यासक्रम करत होतो. कळवणकडच्या शाळेतले एक सर पहिल्या एसटीनं यायचे आणि माझ्या शेजारी बसायचे. सरावाच्या पाठात मूल अडलं, की ते हात पाठीमागे बांधून उभे राहत आणि "घाई नाय बाळा," एवढंच म्हणत.

मी एकदा चिडवलं, "सर, तुमच्या वर्गात पहिला धडा दिवाळीपर्यंत चालत असेल."

"चालू द्या की," ते म्हणाले. "माझ्यासाठी कोणी थांबलंच नव्हतं."

सरांच्या परीक्षेच्या पाठाला एक मुलगी 'झुळूक' या शब्दावर थांबली. सरही थांबले. बराच वेळ गेला. शेवटी परीक्षकांनी घड्याळ बघत स्वतःच शब्द सांगून टाकला. मुलीनं पुस्तक मिटलं.

सर हळूच म्हणाले, "तिच्या ओठांवर आला होता, साहेब."

पाठ अपूर्ण राहिला म्हणून त्यांना नापास केलं. मागच्या बाकावर बसून मी निरीक्षण लिहीत होतो. तिचे ओठ हलताना मलाही दिसले होते. पण पुढचा पाठ माझाच होता. मी गप्प राहिलो आणि पास झालो.

ते पुन्हा पाठ देणार होते. त्याआधीच हृदयविकारानं गेले.

त्यांच्या घरी भेटायला गेलो तेव्हा वहिनींनी विचारलं, "त्यांचा पाठ खरंच वाईट झाला होता का हो?"

"नाही वहिनी," मी म्हणालो. "आमच्या सगळ्यांत चांगला तोच होता."

हे मी पहिल्यांदाच कुणाजवळ बोललो.