अख्खा खांदा

पत्नी गेली त्या दिवशी तिला उचलताना माझ्या खांद्याचा स्नायू हाडावरून सुटला. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सांगितली. मी टाळत राहिलो. हात वर नेऊन आता करायचे काय होते?

एका रविवारी मटणाच्या दुकानात माझ्यापुढे एक तरुणी उभी होती.

"मामा, खांदा अख्खा द्या. सांधा तोडू नका."

"मग रस्सा कसा करणार, ताई?"

"रस्सा न्हाय. हाडांची डॉक्टर हाय मी. स्नायू कापून परत शिवणार, आणि वजनं टांगून ते टाके तोडून बघणार."

"बकरं एकदाच मरतंय की वो!" रांग हसली, तीही हसली.

मग तिने खांद्यासकट तो पुढचा पाय हळूच वर-खाली करून पाहिला, जणू त्याला दुखेल. मी विचारले, "कुठला टाका टिकतो?"

"दोन ओळींचा जास्त ताण घेतोय, काका. तरी तोडून बघते. तुटायचं ते माझ्या टेबलावर तुटू दे, पेशंटच्या खांद्यात नको."

कुणा अनोळखी माणसाच्या हातासाठी ही मुलगी सुट्टीच्या दिवशी रांगेत उभी होती. त्याच आठवड्यात मी शस्त्रक्रियेला होकार दिला.

ती पुन्हा दिसली नाही. आता माझा हात स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीपर्यंत जातो. तिथे पत्नीचा चहाचा डबा आहे.