ड्रायव्हरकाकांनी जमवलेली गर्दी

आमच्या गल्लीत फुटबॉलचा पहिला प्रेक्षक जन्मला तो वयाच्या बावन्नाव्या वर्षी, आणि जन्मतःच त्याला भरघोस मिशा होत्या. तोवर अमरावतीच्या आमच्या भागात खेळ म्हणजे क्रिकेट, आणि फार तर कबड्डी नाहीतर तालमीतली कुस्ती. फुटबॉल नावाचा एक मोठा चेंडू असतो, एवढेच ठाऊक होते. तो बघण्यासाठी शहाणी माणसे जेवण टाकून उठतात, हे आम्हाला ड्रायव्हरकाकांनी दाखवले. काका एसटीचा लाल डब्बा चालवत, अमरावती ते धारणी. परतवाडा सोडले की मेळघाटातली वळणे सुरू, आणि दिवस मावळायच्या आत धारणीला मुक्काम. तिथे गाडी लावून ते तोंडावर पाणी मारत तेव्हा समोरच्या माळावर आश्रमशाळेची कोरकू पोरे अनवाणी फुटबॉल खेळत असायची. पहिल्या दिवशी काका गंमत म्हणून उभे राहिले. महिन्याभरात त्यांची गाडी धारणीला वेळेआधी पोचू लागली, आणि प्रवासी घाबरून वरचा दांडा दोन्ही हातांनी धरू लागले.

सामना टीव्हीवर असो की मैदानात, काकांना तो गाडीसारखाच दिसायचा. गोलरक्षक म्हणजे कंडक्टर, "कारण शेवटी हिशेब त्यालेच द्या लागते." ऑफसाइड म्हणजे वळणावर केलेला ओव्हरटेक. कुणी चेंडू घेऊन गोलवर धावला आणि आडवा माणूस आला की काकांचा उजवा पाय सपकन ब्रेक दाबायचा. आमच्या घरचे एक स्टूल आणि काकूंचे एक पितळी तबक त्या ब्रेकखाली गेले. जपान-कोरियाला विश्वचषक झाला त्या जूनमध्ये सामने आपल्याकडे भरदुपारी लागायचे, आणि भरदुपारीच आमची लाइट जायची. काकांनी त्यावर उपाय काढला. पहिला भाग आमच्या घरी, आणि मध्यंतराच्या पंधरा मिनिटांत स्कूटरवर मला मागे बसवून बडनेऱ्याला त्यांच्या साडूकडे, कारण तिकडे लाइट उशिरा जायची. रस्त्यात मी एकदा म्हटले, "काका, जरा हळू." ते म्हणाले, "भाऊ, ज्याले जीव प्यारा असते त्यानं क्रिकेट पाहावं."

क्रिकेटवर त्यांचा राग होता असे नाही, त्यांना फक्त कीव यायची. पानठेल्यावर पोरांना ते विचारत, "दोघं पळून राह्यले, अकरा उभे राह्यले, बाकीचे मांडवात बसून चाय पिऊन राह्यले. अन् याले तुमी खेळ म्हनता?" पोरे हसत. पण काकांचा खरा विक्षिप्तपणा वेगळाच होता. ते नेहमी हरणाऱ्याच्या बाजूने असत. सामना सुरू झाला की पाच मिनिटे दोन्ही संघ निरखायचे आणि जो कच्चा दिसेल तो आपला. आफ्रिकेतल्या एका देशासाठी त्यांनी कोपऱ्यावरच्या टेलरचाचांकडून झेंडा शिवून घेतला. चाचांनी पट्ट्यांचा क्रम चुकवला आणि झेंडा भलत्याच देशाचा झाला. चाचा ओशाळून म्हणाले, "उधेड देता हूँ, भाई." काकांनी झेंडा उलटसुलट करून पाहिला. "राहू द्या चाचा, हा देश बी हारूनच राह्यला."

एकदा मी त्यांना सरळ विचारले, "काका, काहून बरं हरणाऱ्याकडूनच?" त्या दिवशी ते नांदगाव खंडेश्वरला एका शेतकऱ्याच्या घरी, त्याच्या माघारी राहिलेल्यांना भेटून आले होते. त्या वर्षांत आमच्याकडे तशा भेटींना जावे लागायचे, आणि कुणाकडे, कशासाठी, हे कोणी विचारत नसे. काका चप्पल काढता काढता म्हणाले, "जितनाऱ्याजवळ सारं गाव जाते रे. हारनाऱ्याजवळ बी कोनी उभं राह्यलं पायजे ना." आणि लगेच काकूंना चहा टाकायला सांगितला.

त्या वर्षीच्या हिवाळ्यात धारणीची पोरे अमरावतीला स्पर्धेसाठी यायची ठरली. काकाच गाडीतून त्यांना घेऊन आले, आणि सेमाडोहच्या आसपास भावनेच्या भरात सांगून बसले, "भिऊ नका, पोट्टेहो. अमरावतीत तुमच्यासाठी लोक येऊन राह्यले, टाळ्या वाजवाले." खाली उतरल्यावर त्यांना कळले की दुसऱ्या दिवशी भारताचा क्रिकेटचा सामना आहे. काका घरोघर फिरले. सगळे "येतो, येतो" म्हणाले, म्हणजे कोणी येणार नव्हते. मी त्यांना इतके कासावीस झालेले आधी पाहिले नव्हते. "शब्द देऊन बसलो ना बापा," एवढेच म्हणत होते.

सकाळी मैदानावर आलो तो खरोखर गर्दी होती, काकांचा शब्द पडू नये म्हणून! काकूंचे भजनी मंडळ टाळ-मृदंगासकट आले होते, तालमीतले सात पैलवान आले होते, आणि टेलरचाचांनी लग्नाचा बँडवाला आपला अख्खा मावसभाऊ आणला होता, ढोल-क्लॅरिनेटसह. समोरच्या शहरी संघाकडे चकचकीत बूट होते. काकू म्हणाल्या, "आपले कोनते?" काका म्हणाले, "बिनबुटाचे." शिट्टी झाली आणि आमच्या बाजूने असा काही गदारोळ उठला की पंचांनीही वळून पाहिले. तेच नडले. ज्या पोरांच्या खेळाला आजवर फक्त माळावरची जनावरे हजर असत, ती पोरे चेंडू सोडून आमच्याकडे बघत उभी राहिली. त्यांचा सगळ्यात चपळ पोरगा तर बँडमधल्या क्लॅरिनेटकडे तोंड उघडे टाकून पाहत होता. पहिल्या दहा मिनिटांत दोन गोल झाले.

काका धावत आमच्यापुढे आले, दोन्ही हात वर केले आणि ओरडले, "चूप! सारे चूप बसा! पोट्टे भिऊन राह्यले!" ज्या माणसाने आदल्या दिवशी आवाजासाठी उंबरठे झिजवले, तोच आता मृदंगावर हात ठेवून उभा होता. भजनी मंडळाने टाळ पदराखाली घेतले. पैलवान तोंडावर बोट ठेवून बसले. आणि मैदानात फक्त अनवाणी पायांचा आवाज राहिला. मग हळूहळू पोरांना त्यांचा माळ सापडला. चेंडू या पायातून त्या पायात सरकू लागला, आणि उत्तरार्धात त्या क्लॅरिनेटवाल्या पोरानेच गोल केला. आम्ही सगळे अर्धवट उठलो आणि काकांकडे पाहून गप्प खाली बसलो. तो पोरगा धापा टाकत आमच्यासमोर रेषेवर आला. थोडा वेळ वाट पाहिली, आणि लाजत म्हणाला, "आता वाजवा ना."

काय वाजले म्हणून सांगू! सामना ते दोन-एकने हरले. पण संध्याकाळी पाहणाऱ्याला वाटले असते, बसस्टँडवर एखादी वरात आली आहे.

आता आमच्याकडे फुटबॉलचे चाहते भरपूर झाले. परदेशी क्लबांच्या जर्सी घालून पोरे पानठेल्यावर तावातावाने भांडतात. काका निवृत्त होऊन अकोल्याला मुलीकडे गेले, गुडघे गेले, मिशा पांढऱ्या झाल्या. गेल्या थंडीत मी त्यांना तिथल्या एका स्पर्धेला घेऊन गेलो. मैदान तुडुंब भरले होते. गोल झाला तशी पुढची सगळी माणसे एकदम उभी राहिली आणि खुर्चीतल्या काकांसमोर नुसत्या पाठीच पाठी झाल्या. मी घाईने म्हटले, "काका, दिसतं का तुम्हाला? सरकायला सांगू का त्यांना?"

काकांनी माझा हात धरून मला थांबवले. मान उंचावून त्यांनी ती पाठींची भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली.

"काईच नाई दिसून राह्यलं," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा फुलून आला. "लय लोक आले रे."