उपवासाला चालणारी गोळी

“एचआयव्ही पॉझिटिव्ह,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि माझ्या तोंडून निघालं, “अगं बाई, आज तर संकष्टी!” मी घाबरले की काहीही बरळते. तुमच्यावर ही वेळ आली तर तुम्हीही बरळाल, लाजू नका.

नवरा निगेटिव्ह निघाला. मला रोज एक गोळी सुरू झाली, जन्मभराची. लागण जुनी असावी, बाई म्हणाल्या. मी विचारलं, मग हा विषाणू इतकी वर्षं गप्प कसा बसला? बाई म्हणाल्या, तो स्वतःच्या नकला काढताना चुका करतो, म्हणून एकासारखा दुसरा नसतो. त्याला चालू करणाऱ्या बटणातही फरक पडतो. कुठलं भराभर कामाला लागतं, कुठलं रेंगाळतं. याला जीन एक्सप्रेशन म्हणतात, म्हणजे जीनमध्ये लिहिलेलं प्रत्यक्षात उतरणं.

आम्ही आंदर मावळातले भातवाले. बाहेर पडताच नवरा म्हणाला, “म्हंजी हळवं भात आन गरवं भात. येक लवकर निसवतं, लोंबी धरतं, येक उशिरा. तुजं गरवं हाय.”

झालं! गरव्याला कसली घाई? सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी, माझे उपवास लय. त्या दिवशी मी गोळीलाही सुट्टी द्यायची.

सहा महिन्यांनी व्हायरल लोड केला, म्हणजे रक्तातल्या विषाणूची मोजणी. आधी उतरलेला आकडा परत चढला होता. मी उपवासाचं कबूल केलं.

“उपवासाला काय खाता?”

“साबुदाण्याची खिचडी, रताळं, भगर, शेंगदाण्याची आमटी, चहा...”

“एवढं सगळं चालतं आणि गोळी चालत नाही?”

मी पदराशी चाळा करत बसले. मग बाई गंभीर झाल्या. “बटण मंद असो नाहीतर जलद, गोळी चुकली की तो नकला काढणारच. त्यातली एखादी गोळीला न जुमानणारी निघाली, तर हे औषध गेलं.” तसं झालंय का, ते रेझिस्टन्स टेस्टमध्ये कळणार होतं.

रिपोर्टची वाट बघत आम्ही भाताच्या खाचरात भेसळीच्या, दुसऱ्या वाणाच्या लोंब्या उपटत होतो. “येक ऱ्हायली तरी फुडल्या साली खाचरभर व्हत्यात,” नवरा सवयीनं बोलून गेला. मग माझ्याकडे बघेचना. मला फार भीती वाटली, आणि स्वतःचा रागही आला.

रिपोर्ट आला. गोळी अजून लागू पडत होती. दवाखान्याच्या पायरीवर बसून मी भोकाड पसरलं.

पुढच्या सोमवारी नवऱ्यानं खिचडीची ताटली पुढं ठेवली. मधोमध गोळी.

“आदी ही. उपासाला चालती, म्या बाईन्ला इचारलंय.”

आणि मी ती गिळेपर्यंत पाण्याचा तांब्या धरून उभा राहिला.